इस्त्रीबाईंचे आठशे मीटर

तरण तलावाच्या तिकीट खिडकीत मी सव्वीस वर्षं बसले. खिडकी म्हणजे हातभर रुंदीची काच आणि तिच्या खाली अर्धगोल भोक. समोरच्याचा चेहरा बघायचा तर मान वाकडी करावी लागायची, म्हणून मी माणसं हातांवरूनच ओळखायला शिकले. तलावावरची पोरं मला खिडकीमावशी म्हणायची, आणि जिच्याबद्दल सांगायला बसले आहे तिला इस्त्रीबाई. नाव चपखल होतं. एक तर ती मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची, आणि दुसरं म्हणजे काठावर उभी राहिली की तिच्यात कुठे सुरकुती म्हणून दिसायची नाही. पुढे आमची गट्टी जमली आणि अहोजाहो सुटलं, म्हणून इथेही मी तिला 'ती'च म्हणते.

तिला एकच मुलगी. सात वर्षांच्या त्या पोरीला घेऊन ती पहिल्यांदा आली आणि पुढची दहा वर्षं एक दिवस चुकली नाही. पोर पाण्यात, ही काठावर, हातात स्टॉपवॉच. स्वतःला मात्र पोहण्याचा गंध नव्हता. पायावर पाणी उडालं तरी दचकून मागे सरायची. पण पोरीचा हात पाण्यात कुठे पडतोय, मान किती वळतेय, वळण घेताना पाव सेकंद कुठे गेला, हे तिला कोचच्या आधी कळायचं. तिचा आवाज मोठा होता. खिडकीची काच बंद केली तरी मला तो ऐकू यायचा.

का करत होती, हेही सांगायला हवं. एकोणिसाव्या वर्षापासून ती वाफेत उभी होती. मशीनच्या रोलरमधून तापलेली चादर निघते, ती दोघींनी टोकं धरून ताणायची, घडी घालायची, की पुढची. दिवसाला सहाशे-सातशे. तिच्या मनगटांवर भाजल्याचे डाग होते आणि बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. त्याच दवाखान्याच्या कचेरीत खेळाडूंच्या राखीव जागेवर एक मुलगी लागली. पंख्याखाली खुर्ची, समोर टेबल. इस्त्रीबाईने त्या खुर्चीकडे एकदा पाहिलं आणि मनाशी काय ते ठरवून टाकलं.

पोर चांगली होती, खरंच चांगली. चौदा-पंधराव्या वर्षी आसपासच्या चार गावांत तिच्या तोडीची कोणी नव्हती. त्याच सुमारास ती डाव्या कानाला हात लावत यायला लागली. प्रथमोपचाराचा डबा माझ्या खिडकीत असायचा. ती कापूस मागायची, मी द्यायचे. कान दुखतो का गं, असं विचारलं की ती नाही म्हणायची आणि माझं तेवढ्यावर समाधान व्हायचं. मागे रांग असायची ना. आज मला त्या रांगेतला एकही माणूस आठवत नाही.

सतराव्या वर्षी आमच्याच तलावावर मोठी निवड शर्यत होती. पोरगी पहिली चालली होती. निम्मं अंतर झालं आणि ती मधेच थांबली. दोरीला धरून उभी राहिली, शांतपणे काठापर्यंत आली, बाहेर पडली. इस्त्रीबाई ओरडत होती, कोच धावला, ती कोणाकडे न बघता कपडे बदलायच्या खोलीत गेली आणि ओल्या केसांनीच माझ्या खिडकीसमोरून निघून गेली. घरी गेलीच नाही. दुसऱ्या गावी तिची आत्या होती, तिच्याकडे गेली. पुढे तिकडेच शिकली आणि तिथून आणखी लांब गेली. आईशी त्या दिवसापासून एक शब्द नाही. डावा कान तोपर्यंत कायमचा गेला होता.

बापाशी मात्र बोलायची. बाप लिफ्ट दुरुस्त करायचा, बोलण्यात तसा कंजूष. दर रविवारी सकाळी तिचा फोन आला की तो गॅलरीत जायचा, दार लोटून घ्यायचा. इस्त्रीबाई आत कपड्यांच्या घड्या घालत बसायची. फोन संपला की तो म्हणायचा, "बरी आहे." एवढ्यावर ती आठवडा काढायची. तिने मुलीला तीन पत्रं लिहिली. तिन्ही न फोडता परत आली.

असं सहा वर्षं चाललं. मग एका दुपारी खिडकीच्या भोकातून डाग पडलेले दोन हात आत आले आणि आवाज आला, "एक द्या."

मी मान वाकवून पाहिलं. विचारलं, कोणासाठी.

"मला."

त्रेपन्नावं वर्ष होतं तिचं. पहिले पंधरा दिवस ती उथळ बाजूला कठडा धरून नुसती उभी राहायची. कंबरभर पाण्यात थरथरायची. बायकांच्या वेळेला येणाऱ्या पोरीसोरी हसायच्या. ती तोंड पाण्यात घालायची, खोकत वर यायची, पुन्हा घालायची. बघवत नसे. महिन्याभराने एकदा केस पुसत ती माझ्यापाशी येऊन बसली आणि म्हणाली, "पाण्यात डोकं गेलं की काठावरच्या माणसाचं काहीच ऐकू येत नाही गं. नुसतं तोंड हलताना दिसतं. मी दहा वर्षं ओरडत होते."

मी तिला चहा दिला.

पाच वर्षांत ती पोहायला शिकली. डौलदार नाही, पण चिवट. उजवा खांदा चादरी ताणून ताणून कामातून गेला होता, म्हणून ती जराशी तिरकी पोहायची. थांबायची मात्र नाही. बत्तीस फेऱ्या म्हणजे आठशे मीटर, साडेचोवीस मिनिटं. त्याहून कमी तिला कधी जमलं नाही.

मग एका रविवारी बापाने 'बरी आहे'च्या पुढे चार शब्द जास्त बोलून टाकले. पोरगी आता एका मोठ्या तलावावर शिकवते. पाण्याला घाबरणाऱ्या माणसांना शिकवते. त्या तलावावर यंदा प्रौढांची मोठी स्पर्धा आहे, आणि लांब पल्ल्याच्या शर्यतीला तिला पाटी धरायचं काम दिलंय. हे पाटीचं काम म्हणजे असं: लांब शर्यतीत पोहणाऱ्याला किती फेऱ्या झाल्या याचं भान राहत नाही. म्हणून पलीकडच्या टोकाला प्रत्येक लेनपाशी एक जण आकड्यांची पाटी घेऊन बसतो आणि उरलेल्या फेऱ्यांचा आकडा पाण्यात बुडवून दाखवतो.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीबाई अर्ज घेऊन माझ्यापुढे उभी. आठशे मीटर, वयोगट पंचावन्न ते एकोणसाठ. मी तिला वेड्यात काढलं. वेळेची मर्यादा पंचवीस मिनिटं, आमच्या दुप्पट, पन्नास मीटरचा तलाव, हिचा खांदा असा. ती म्हणाली, "आठ लेन असतात. कुठल्याही लेनला असली तरी ती त्या टोकाला असेल. पंचवीस मिनिटं तिला उठून जाता येणार नाही." आणि मग मला म्हणाली, तू चल सोबत. मला एकटीला जमायचं नाही.

आम्ही सकाळच्या बसने निघालो. सात तासांचा रस्ता. चार वाजेपर्यंत तिथे जाऊन हजेरी लावायची, नाहीतर नाव कापलं जाणार. चौथ्या तासाला बस थांबली. पुढचा पूल रात्रीपासून बंद केला होता, म्हणे त्याच्या खांबाला तडा गेलाय. पायी जायला परवानगी होती, वाहनांना नाही. ड्रायव्हरने सीटवर पाय पसरले आणि सांगितलं, मागे फिरणार, कोणाला उतरायचं तर उतरा.

आम्ही दोघी पिशव्या घेऊन पूल चालत पार केला. पलीकडे रस्ता मोकळा, सावलीला झाड नाही. इस्त्रीबाई रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मी ओरडले तरी हलली नाही. तीन गाड्या तिला वळसा घालून गेल्या. चौथी थांबली, गाद्या पोचवणारी बंद गाडी. चालकाशेजारी आधीच दोन माणसं होती. मागे गाद्यांवर बसायचं असेल तर बसा, तो म्हणाला, दार बाहेरून लावावं लागेल.

तर अशा आम्ही दोन म्हाताऱ्या, एकीचं वय अठ्ठावन्न, दुसरीचं साठीला टेकलेलं, कोऱ्या गाद्यांच्या थप्पीवर आडव्या पडून अंधारात चाललो होतो. छत नाकाच्या वर वीतभर. प्लास्टिकचा वास. एकेक खड्डा लागला की दोघी वर उडायचो. मी म्हटलं, जन्मात एवढ्या गाद्यांवर झोपले नव्हते. ती हसली नाही. थोड्या वेळाने तिला मळमळायला लागलं. तिने माझा हात धरला, आणि त्या अंधारात तिने मला ते सांगितलं.

पोरगी पंधरा वर्षांची असताना तिने तिला आपल्याच दवाखान्यातल्या कानाच्या डॉक्टरकडे नेलं होतं. तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी पोरीला बाहेर बसवलं आणि हिला चिठ्ठी लिहून दिली. तीन महिने पाणी बंद. नाहीतर कान जाईल. त्या वर्षीची निवड सहा आठवड्यांवर होती. हिने ती चिठ्ठी पर्समध्ये घातली. पोरीला म्हणाली, थेंब दिलेत, टोपी नीट घालायची, बाकी काही नाही. घरी नवऱ्यालाही तेच सांगितलं.

"म्हणजे त्याला माहीत नाही?"

"कोणालाच नाही. तिला वाटतं आजार होता. मी ओरडायचे, मारायचे, म्हणून ती गेली असं तिला वाटतं. खरं काय ते तिला माहीतच नाही. मी उद्या मेले तर तसंच राहील."

पत्रांत तेच लिहिलं होतं. नवऱ्यामार्फत सांगायचं तर आधी त्याला सांगावं लागेल, आणि तेवढी छाती नव्हती. तेव्हा तिने हे ठरवलं होतं. शर्यतीत त्या टोकाला पोचायचं, भिंत धरायची आणि सांगून टाकायचं. पाटी हातात असताना ती जाणार कुठे?

मला कापसाचे बोळे आठवत होते. मग जे तोंडात आलं ते बोलले, त्याची आजही थोडी लाज वाटते. "म्हणजे पुन्हा तिला तलावाच्या काठाशी बांधूनच ठेवणार तू. तेव्हा पाण्यात बांधलीस, आता काठावर."

तिने हात सोडला. मला वाटलं ती रडत असेल, पण दार उघडलं तेव्हा तिचे डोळे कोरडे होते आणि चेहरा पांढराफटक.

तलावाच्या नोंदणीच्या टेबलापाशी पोचलो तेव्हा सव्वाचार वाजले होते. टेबलामागच्या कारकुनाने यादीवर बोट फिरवलं आणि सांगितलं, नाव कापलंय. पूल, बस, सगळं सांगून झालं. नियम म्हणजे नियम. इस्त्रीबाई वाद घालेल असं मला वाटलं होतं. पण ती तिथेच फरशीवर खाली बसली, पाय पोटाशी घेऊन. लोक तिला ओलांडून जायला लागले. दहा वर्षं काठावर ताठ उभी असलेली बाई अशी बसली होती.

मग मी माझ्या धंद्याची भाषा काढली. त्याला म्हटलं, मीही खिडकीतच बसते हो. यादी छापून झाली का? नाही ना? मग ती अजून कच्चीच आहे. कच्च्या यादीत मीही दिवसाला चार नावं खालीवर करते, आणि माझं आजवर कोणी काही वाकडं केलेलं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, खाली बसलेल्या बाईकडे बघितलं, आणि पेनने नाव पुन्हा लिहिलं. लेन सात.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीबाई कपडे बदलायला गेली होती आणि मी काठावरच्या पायरीवर बसले होते. समोर पिवळा टीशर्ट घातलेली एक उंच मुलगी येऊन उभी राहिली. केस कापलेले. अंगाने भरली होती, पण मी ओळखलं. ती माझ्या डाव्या अंगाला आली, म्हणजे तिचा उजवा कान माझ्याकडे येईल अशी.

"खिडकीमावशी, तुम्हीच ना?"

मी मान हलवली. ती म्हणाली, यादीत नाव वाचलं, वाटलं दुसरी कोणी असेल. "तिला पोहता येत नाही, मावशी. पायावर पाणी उडालं तरी घाबरते ती."

मी सांगितलं, येतं आता. पाच वर्षं झाली. ती काही क्षण पाण्याकडे बघत राहिली. मग विचारलं, आईला हवंय काय. मी म्हटलं, ते तिने सांगायचं, मी नाही. आणि एवढं धाडस केलं की म्हणाले, "मलाही तुला एक सांगायचं होतं. तू कापूस मागायचीस तेव्हा मी आणखी विचारायला हवं होतं."

मी दोन नंबरच्या लेनला आहे, बरंच झालं, असं ती म्हणाली आणि गेली.

शर्यत सुरू झाली. आठ बायका एकदम पाण्यात पडल्या आणि पहिल्याच फेरीत इस्त्रीबाई सगळ्यांच्या मागे पडली. सातव्या लेनच्या टोकाला कोणी पोरसवदा मुलगी पाटी घेऊन बसली होती. पंधरा. तेरा. अकरा. प्रत्येक वेळी इस्त्रीबाई त्या टोकाला भिंतीला हात लावायची, डोकं वर काढायची, दोन नंबरच्या लेनकडे एक नजर टाकायची आणि पुन्हा निघायची. मी घड्याळ बघत होते. निम्मं अंतर पार झालं तेव्हा बारा मिनिटं होऊन गेली होती. तिच्या मानाने ठीक. पण नवव्या फेरीत खांदा धरला. ते मला लांबून कळलं. उजवा हात पाण्यातून पूर्ण वर येईना, बाजूने फरफटत यायला लागला. ती आणखी तिरकी झाली, दोरीला घासायला लागली.

बाकीच्या बायका एकेक करून संपवायला लागल्या. टाळ्या झाल्या. दोन नंबरच्या लेनमधली बाईही बाहेर आली. पिवळ्या टीशर्टवाली मुलगी उठली, पाटी भिंतीला टेकवून ठेवली आणि दाराकडे चालायला लागली. पाण्यात एकटी इस्त्रीबाई उरली होती आणि तिला त्यातलं काही दिसत नव्हतं.

मुलगी दारापर्यंत गेली. तिथे थांबली. किती वेळ थांबली ते सांगता येणार नाही, मला तो फार वाटला. मग ती तशीच माघारी फिरली, काठाकाठाने सातव्या लेनपाशी आली, तिथल्या पोरीच्या खांद्याला हात लावून तिला उठवलं आणि तिच्या जागी गुडघ्यांवर बसली. पाटीवरचा आकडा बदलला. तीन. पाटी पाण्यात धरली.

इस्त्रीबाई तिथे पोचली. तिने मला नंतर सांगितलं, पाण्याखाली तिला आधी आकडा दिसला आणि मग पाटी धरलेली बोटं. ती बोटं तिने पोरीच्या जन्मापासून पाहिली होती. तिने भिंत धरली. डोकं वर काढलं. दोघींच्यात दोन हातांचंही अंतर नव्हतं. सगळं ज्यासाठी केलं तो क्षण हा होता. मी पायरीवरून उठून उभी राहिले.

ती काहीच बोलली नाही. तोंड उघडलं, श्वास घेतला आणि वळून परत पाण्यात गेली.

ती फेरी आणि पुढची फेरी मी कशी बघितली ते माझं मला माहीत. एका हाताने पोहत होती म्हटलं तरी चालेल. मधेच पाण्याखाली जायची, खोकायची, पुन्हा हात टाकायची. प्रेक्षकांतलं कोणीतरी तिला बाहेर काढा म्हणत होतं. पलीकडच्या टोकाला पाटीवर आता 'एक' होता. तिने त्या टोकाच्या भिंतीला हात लावला आणि तेवढ्यात पंचाने शिट्टी वाजवली. पंचवीस मिनिटं झाली होती. एक फेरी उरली होती. पंच हाताने खुणावत होता, बाहेर या.

तिला बाहेर येता येईना. उजवा हात मेल्यासारखा लोंबत होता. मुलीने पाटी खाली ठेवली, वाकून तिच्या दोन्ही काखांत हात घातले आणि वर ओढलं. जमेना, मग ती पोरसवदा मुलगी मदतीला आली. दोघींनी मिळून तिला ओल्या पोत्यासारखं काठावर घेतलं.

प्रथमोपचाराच्या खोलीत एक पलंग, एक कपाट आणि भिंतीवर हात कसे धुवावेत याचं चित्र. तिथल्या नर्सने खांद्याला बर्फाची पिशवी बांधली आणि गेली. मुलीने टॉवेल आणून पलंगाच्या कडेला ठेवला. अंगावर घातला नाही, ठेवला. मी बाहेर जायला लागले तर इस्त्रीबाई म्हणाली, थांब. आणि मुलीला म्हणाली, "दार उघडंच राहू दे. मला तुला एक सांगायचंय. ऐकायचं नसेल तर जा. मी मागे येणार नाही, पत्रही लिहिणार नाही."

मुलगी हलली नाही. मग पलंगाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला आली, उजवा कान आईकडे करून उभी राहिली. इस्त्रीबाईचे दात थंडीने वाजत होते. तिने चिठ्ठीचं सांगितलं. एका दमात, कारणं न देता. वाफ, खुर्ची, राखीव जागा, यातलं काही नाही. तीन महिने लिहिले होते, मी लपवलं, तुझा कान माझ्यामुळे गेला.

"माहीत आहे," मुलगी म्हणाली.

"कधीपासून?" इस्त्रीबाईने विचारलं.

"शेवटच्या निवडीच्या दिवशी सकाळी लॉकरची किल्ली शोधत होते. तुझ्या पर्सच्या मागच्या कप्प्यात चिठ्ठी होती. घडी इतक्या वेळा उघडलेली की फाटायला आली होती. वाचली, परत ठेवली आणि पाण्यात उतरले. पन्नास मीटर गेले, मग पुढे जाववेना."

"बाबांना..."

"नाही सांगितलं. ते तुझ्याबरोबर राहतात. मला वाटलं, तू सांगशील. पहिल्या आठवड्यात सांगशील, मग वाटलं महिन्यात. पत्रं आली ती फोडली नाहीत, कारण त्यात ते नसतं तर मला सहन झालं नसतं."

"होतं त्यात. तिन्हींत होतं."

मुलगी भिंतीवरच्या त्या हात धुण्याच्या चित्राकडे बघायला लागली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता. बाहेर ध्वनिक्षेपकावर पुढच्या शर्यतीची घोषणा झाली, पाटीवाल्यांनी जागेवर यावं म्हणून. ती म्हणाली, मला जायला हवं. दारात थांबून, मागे न वळता, म्हणाली, "खांद्याला बर्फ वीस मिनिटंच ठेव. जास्त नको."

एवढंच. मिठी नाही, रडणं नाही. आम्ही संध्याकाळपर्यंत थांबलो, ती पुन्हा आली नाही. निकालाच्या कागदावर इस्त्रीबाईच्या नावापुढे वेळेऐवजी आडवी रेघ होती.

परतीच्या बसमध्ये तिने मला विचारलं, बरं झालं की वाईट. तेरा वर्षं ज्या गोष्टीचं ओझं ती वाहत होती ती पोरीला आधीच ठाऊक होती. तीन पाकिटं पोस्टातून जाऊन परत आली होती, आणि दोघींपैकी एकीनेही... मी विचार करणं सोडून दिलं. तिला झोप लागावी म्हणून खिडकीकडची जागा दिली. ती झोपली नाही.

घरी गेल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं. तो माणूस दुसऱ्या दिवशी बॅग भरून बहिणीकडे गेला तो दोन महिने आला नाही. त्या दोन महिन्यांत इस्त्रीबाई कामावर जायची, तिथून तलावावर यायची, खांद्यामुळे पोहता येत नसलं तरी पाण्यात नुसती उभी राहायची. एकदा मला म्हणाली, आता घरात फोनही वाजत नाही, कारण तो घेणाराच नाही. तेव्हा तिच्या डोळ्यांत जे होतं त्याची मला भीती वाटली. मी तिला आठवडाभर माझ्याकडे झोपायला ठेवून घेतलं.

नवरा परत आला. का आला ते त्याने सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. जेवतो, कामावर जातो. बोलणं आधीच कमी होतं, आता मोजून.

आणि मग एका सोमवारी, रांग लागलेली असताना, खिडकीच्या भोकातून ते दोन हात आत आले आणि तिकीट न मागता तिथेच थांबले. मी मान वाकवून पाहिलं. ती म्हणाली, "काल फोन आला होता. त्याने गॅलरीतून आत येऊन फोन माझ्यापुढे धरला."

मुलीला एका डॉक्टरकडे कानाची तपासणी करायची होती. काही यंत्र बसवता येतं का ते बघणार होते. डॉक्टरांना सगळा जुना तपशील हवा होता. पहिल्यांदा कान कधी वाहिला, ताप किती दिवस होता, कुठले थेंब दिले, ऐकू येणं कधी कमी झालं. ते सांगू शकेल असं जगात एकच माणूस होतं. इस्त्रीबाईने सांगितलं. महिना, तारीख, औषधाचं नाव, हाक मारल्यावर पोरीने पहिल्यांदा वळून पाहिलं नाही तो दिवस. मुलगी पलीकडे लिहून घेत होती, मधेमधे म्हणायची, थांब, पुन्हा सांग. शेवटी, बरं, म्हणाली आणि फोन ठेवला.

"सात मिनिटं," इस्त्रीबाई मला म्हणाली.

तिच्या मागचा माणूस पैसे काचेवर वाजवत होता. मी त्याला सांगितलं, जरा दम धरा, आणि तिला विचारलं, आणखी काय काय विचारलं तिने, सगळं सांग.